तुळशीखालची बोर

आमच्या गावात एखाद्याचा खिसा रिकामा निघाला की लोक म्हणतात, ‘रामधनची बोर.’ तुरीच्या शेंगेत दाणा नसला तरी रामधनची बोर. मागच्या दिवाळीत फुसका निघालेला सुतळी बॉम्ब पाहून एक पोरगं तेच ओरडलं, आणि ते पोरगं तर ही बोर मारली तेव्हा पाळण्यात होतं. रामधन म्हणजे आमचे हे. सगळं गाव त्यांचं नाव घेऊन हसतं, आणि मी एकटीच अशी, जिने ते नाव कधी तोंडाने घेतलं नाही. मी ‘सुरभीचे बाबा’ म्हणते.

गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. त्या उन्हाळ्यात गावचा नळ आटला होता. चावडीमागच्या विहिरीवरून पाणी आणून आणून माझी कंबर धरली होती. दोघा भावांनी ठरवलं, घरी बोर मारायची. माझा धाकटा दीर श्रावण पाणाड्याला घेऊन आला. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि अनवाणी पायाने सगळं आवार पालथं घातलं. गोठ्याच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. तिथं पाणी आहे हे सगळ्यांनी मान्य केलं, एकट्या आमच्या ह्यांना सोडून. हे चालत परसात आले, जमिनीत टाच रोवली आणि म्हणाले, “इथं.” काहून, तर म्हणे, “मले मालूम हाय.” त्यापुढे एक शब्द नाही.

श्रावणने कपाळावर हात मारून घेतला. पाणाड्या चहा न पिता निघून गेला. पण हे मोठे भाऊ, त्यामुळे बोर परसातच मारली गेली. मशीन दिवसभर बोंबलली आणि तिने आमचं घर, भांडी, दोरीवरचे कपडे, झाडून सगळं पांढऱ्या धुळीने माखून टाकलं. पाण्याचा थेंब लागला नाही. ‘रामधनची बोर’ हे पहिल्यांदा श्रावणच म्हणाला, पानठेल्यावर, चार लोकांत. ते इतकं चालेल असं त्यालाही वाटलं नसणार.

पुढे दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. आवारात मधोमध छातीएवढी भिंत आली. गोठ्याचा कोपरा श्रावणकडे गेला आणि मेलेली बोर आमच्या वाट्याला आली.

माणसाचं हसू होणं ही साधी गोष्ट नसते हो. ह्यांनी मत द्यायचंच सोडून दिलं. कपाशीचं बियाणं कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “तूच पाय बावा.” सुरभीला नर्सिंगला घालायची की बीएला, हे विचारलं तर म्हणायचे, “तुमी मायलेकी ठरवा.” बैलाचे दात पाहून वय सांगणारा माणूस, पण बाजारात लोकांच्या मागे उभा राहायचा. मला पाणी नको होतं. पाणी मी आणत होतेच. माझ्या माणसाच्या नावावरचं हसू तेवढं पुसलं जावं, एवढंच मी कळंबच्या चिंतामणीला दर चतुर्थीला मागत होते.

बोरचा वीतभर पाइप जमिनीवर आला होता. तो येताजाता डोळ्यांत खुपायचा. मी त्याच्यावर फरशीचा तुकडा ठेवला, फरशीवर रंगाचा रिकामा डबा ठेवला आणि डब्यात तुळस लावली. म्हटलं, पाहणाऱ्याने निदान हात तरी जोडावे. सिमेंट लावून पक्कं वृंदावनच करून घ्यायला मी निघाले होते, तर हे म्हणाले, “पक्कं नोको करू.” मला वाटलं, सिमेंट वाचवतात.

तर या मे महिन्यात श्रावणच्या बायकोने, प्रियंकाने, हट्ट धरला आणि त्यांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात बोरची गाडी आली. गाडी ठरवून देणारा आणि नंतर मोटार बसवून देणारा माणूस एकच, रूपसिंग. पुसदकडच्या तांड्यावरचा, बोलायला गोड आणि कामाला चोख. गाडीवरची माणसं दक्षिणेतली. ती हिंदी बोलायची आणि आमच्याकडे पाहायचीसुद्धा नाहीत. आमच्याकडे बोर पाहायला लग्नासारखी माणसं जमतात. त्या दिवशीही जमली. प्रियंकाने जागेवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, मशीन सुरू झाली. आमचे हे मात्र आमच्या परसात शेवग्याखाली पाठ करून बसले. हातात दोरी घेतली होती, वळत नव्हते, नुसते धरून होते.

दुपारपर्यंत धूळ. मग चिखल. मग भिंतीपलीकडून श्रावण ओरडला, “लागलं! पानी लागलं!” आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते आजही सांगता येणार नाही. दिराच्या घरी पाणी लागलं याचा आनंदच व्हायला पाहिजे. पण नारळवाला खरा ठरला म्हणजे माझा नवरा पुन्हा खोटा ठरला, हेही त्याच ओरडण्यात होतं.

तेवढ्यात आमच्या परसात आवाज झाला. रिकाम्या बाटलीत फुंकावं तसा, पण मोठा. मी इकडेतिकडे पाहिलं. तुळशीचा डबा थरथरत होता. फरशी कडकड वाजायला लागली. “अवो, हे पाहा बरं,” इतकंच मी म्हणाले, आणि धडाम! फरशी एका बाजूला, डबा आकाशात. माझी तुळस घराच्या पत्र्यावर जाऊन पडली. आणि त्या वीतभर पाइपातून राखाडी पाण्याचा फवारा पत्र्याच्या उंचीला गेला.

हे उठून उभे राहिले. पाण्याखाली गेले. नखशिखांत भिजले, चिखलाने माखले आणि नुसते उभे राहिले. सगळा गाव भिंतीवर चढून पाहत होता. मग हे हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “मी म्हनलो होतो.”

त्यानंतर जो गोंधळ झाला त्याला काही माप नाही. एक म्हणे, तुळसमाय पावली, गंगा आली. दुसरी म्हणे, चांगलं उभं तुळशीचं झाड उडालं, याच्यासारखा अपशकुन नाही, सत्यनारायण घाला. तिसरा म्हणे, रामधनभाऊचंच खरं होतं, मशीनवालेच तेव्हा फसवून गेले. चौथा भिंतीवरून श्रावणला म्हणे, “पाय रे, तुहं पानी तिकडं पळून राह्यलं!” श्रावण धावत इकडे आला, आमचा फवारा पाहिला, धावत तिकडे गेला, आपली बोर पाहिली, पुन्हा इकडे आला. त्याला हसावं की भांडावं ते कळेना. मी काय करावं ते मलाही कळेना, म्हणून मी शिडी लावून पत्र्यावरून तुळस उतरवली.

खाली आले तर हे नव्हते. अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी गावात गेले होते. दारोदार सांगत होते, उद्या सकाळी बोरमध्ये मोटार सोडायची आहे, चहाला या.

रूपसिंग पाणी प्यायला आमच्या दारात आला होता. मी त्याला तांब्या दिला. तो पाणी प्याला, तांब्या परत देताना त्याने फवाऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, “वयनी, रागावू नोका. थे हवा हाय.”

“कोनती हवा?”

“मशीनची. मशीन हवेच्या जोरानं खालचा गाळ वर फेकते ना. खडकात कुठी तरी फट असंन, तिच्यातून हवा तुमच्या बोरमंधी घुसली. मशीन बंद झाली का थेही बंद होते. मी दोन-चार ठिकानी पाह्यलं हाय.”

“म्हणजे आमच्या बोरले पानी नाही?”

“असंन बी, नसंन बी. मले सांगता नाही येत.”

एवढ्यात पलीकडे मशीन थांबली. आणि आमचा फवारा खाली खाली येत पाइपात परत गेला. दोन गुळण्या केल्या आणि गप्प. मी पाहतच राहिले. गाव श्रावणकडे पाणी मोजण्यात गुंतला होता. आमच्याकडे रूपसिंग आणि मी सोडून ते पाहायला कुणी नव्हतं.

“सुरभीच्या बाबांनी तुले मोटार सांगतली का?” मी विचारलं.

“सांगतली. उद्या आनतो म्हनलो मी. काय म्हनू मंग? चेहरा पाह्यला का तुमी त्यायचा?”

पाहिला होता. तीच तर पंचाईत होती.

हे संध्याकाळी घरी आले ते बोलतच. इतक्या वर्षांत बोलले नव्हते तेवढं बोलले. मोटार किती ताकदीची घ्यायची, पाइप कोणता, नळ कुठे काढायचा. जेवताना एक भाकर जास्त खाल्ली. मी मधेच म्हटलं, “रूपसिंग म्हन्ते, थे मशीनची हवा होती. मशीन थांबली तसं आपलं बी थांबलं.”

हे हसले. “रूपसिंग पाइप इकते. त्याले जमिनीचं काय समजते?”

“अन् तुमाले समजते?”

“मले मालूम हाय,” हे म्हणाले.

झालं! पुन्हा तेच वाक्य. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. एकदा या वाक्याने आमचं वाटोळं केलं, आता सगळ्या गावाला चहाला बोलावून पुन्हा तेच. ओरडावं वाटलं, की अहो, एकदा हसले ते पुरे नाही झालं का? पण ताटावर बसलेल्या माणसाचा चेहरा इतका उजळला होता की माझ्याने बोलवेना. मी आयुष्यात पहिल्यांदा, सकाळी लाइट जावी म्हणून देवाला हात जोडले. लाइट गेली की मोटार चालणार नाही, मोटार चालली नाही तर पाणी नाही हे कळणार नाही, आणि माणसं चहा पिऊन घरी जातील. एवढाच माझा विचार पोचला.

सकाळी लाइट होती. आमच्याकडे नको तेव्हा ती हमखास असते.

माणसं आली. माजी सरपंच सदाशिवराव आले, त्यांच्या बायको विमलकाकू आल्या. मी दोनदा चहा टाकला. रूपसिंग आधी श्रावणकडे गेला, कारण त्याची मोटार नवीकोरी येऊन पडली होती. आमच्यासाठी त्याने मोटार आणलीच नव्हती. माझ्याकडे पाहून त्याने नुसती मान हलवली. मी समजले. बिचाऱ्याला आमचा खर्च वाचवायचा होता.

ह्यांनी सगळ्यांना परसात उभं केलं आणि पाइपावर रात्री परत ठेवलेली फरशी उचलली. लोक दोन पावलं मागे सरकले, फवारा अंगावर येईल म्हणून. फवारा नाही. आवाज नाही. हे वाकून आत पाहू लागले. आत काळोख. लोक थांबले. कुणीतरी खाकरलं. हे पाइपाला कान लावून बसले, तर मागून कुणाचं तरी हसू फुटलं आणि ते दाबता दाबता दुसऱ्याला लागलं. मला दिसत होतं, आता कोणत्याही क्षणी कुणीतरी ते दोन शब्द बोलणार. ह्यांची मान पाइपावरून वर येईना.

तेवढ्यात भिंतीपलीकडे आरडाओरडा झाला. श्रावणची मोटार आत जाईना. अर्ध्यात गेली आणि अडली. रूपसिंगने वर ओढली, फिरवली, पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच अडली. “बोर वाकडी गेली,” त्याने सांगितलं. गाडी उताराच्या जागी उभी केलेली, मशीन कलली, भोक खाली तिरपं गेलं. पाणी तर भरपूर, पण मोटार त्याच्यापर्यंत पोचणार नाही. आणि गाडी तर पुढच्या गावाला निघून गेलेली. प्रियंका गोठ्याच्या दांडीवर बसून रडायला लागली.

निम्मे लोक तिकडे धावले, निम्मे इकडे राहिले. कुणाला हसावं हेच गावाला कळेना. दोन भाऊ, दोन बोरी, एकीत पाणी आहे पण मोटार जात नाही, दुसरीत मोटार जाते पण पाणी नाही. आणि पाणी नाही हे तरी कुणी पाहिलं होतं? माझं डोकं फिरलं. एवढे बाप्ये उभे आहेत, कान लावतात, हसतात, पण साधं पाहत कुणी नाही. मी कपडे वाळवायची दोरी सोडली, ती विहिरीच्या लांब दोराला जोडली, तिच्या टोकाला पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधला आणि सरळ बोरमध्ये सोडला.

“अवं, वरवंटा गेला ना!” हे ओरडले.

“जाऊ द्या,” मी म्हटलं.

दोरी संपत आली तेव्हा हाताला हिसका बसला. मी वर ओढली. वरवंटा ओला होता. दोरी ओली होती, आणि थोडीथोडकी नाही, माझ्या हातात आली त्यातली निम्मी. मी ती लोकांपुढे धरली. सदाशिवरावांनी बोट लावून पाहिलं. विमलकाकूंनी बोट लावून डोळ्याला लावलं. रूपसिंग भिंतीवरून उडी मारून आला, दोरी मुठीत पिळली, पाणी गळलं आणि तो डोकं खाजवू लागला.

“धुळीनं भरलेली फट काल हवेनं मोकळी झाली असंन,” तो म्हणाला. “म्हनजे आता दोनी बोरी आतून एक झाल्या. तिकडचं पानी इकडं येऊन राह्यलं.”

“मंग थे पानी माहं हाय!” श्रावण भिंतीवरून म्हणाला.

“माह्या बोरमंधी हाय, मंग तुहं कसं?” हे म्हणाले. कितीतरी वर्षांनी दोघं भाऊ सरळ एकमेकांशी बोलले, आणि बोलले ते हे.

“माह्या मशीनच्या हवेनं आलं थे!”

“अन् भोक कोनाचं सरळ हाय?”

लोकांत दोन तट पडले. एक म्हणे, पाणी ज्याने आणलं त्याचं. दुसरा म्हणे, उभं जिथं आहे त्याचं. मला दोघांचंही खरं वाटत होतं. सदाशिवराव तर आधी श्रावणच्या बाजूने बोलले, मग चहाचा दुसरा कप घेऊन आमच्या बाजूने बोलले. हे आजवर मान खाली घालून उभे राहणारे, ते भिंतीला छाती लावून भांडत होते, आणि खरं सांगते, मला ते भांडण ऐकायला बरं वाटत होतं. पण भांडून पाणी वर येत नाही.

शेवटी प्रियंका उठली. डोळे पुसले, पाइपाचं काळं वेटोळं उचललं आणि भिंतीवरून आमच्या परसात फेकलं. मग केबल फेकली. मग नवऱ्याला म्हणाली, “मोटार द्या तिकडं. पानी कोनाचंही असो, हंडा माह्याच डोक्स्यावर हाय ना.”

श्रावणने मोटार उचलून दिली. ह्यांनी ती भिंतीवरून घेतली, लहान मूल घ्यावं तशी दोन्ही हातांनी. रूपसिंगने पाइप जोडला, केबल बांधली, दोरी लावली आणि मोटार आमच्या बोरमध्ये सोडली. ती गेली, गेली, कुठेही न अडकता खाली गेली. श्रावण दोरी सोडत होता आणि हे पाइप देत होते. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती.

रूपसिंगने बटण दाबलं. मोटार घुमली. पाइपातून आधी नुसती हवा फुसफुसली. मग गढूळ गाळ आला, आणि मग पाणी. आधी राखाडी, मग पांढरट, मग स्वच्छ. पलीकडे एक जण श्रावणच्या बोरमध्ये दोरी सोडून बसला होता. तो ओरडला, “इकडचं खाली जाऊन राह्यलं!” पण आता कुणी ऐकत नव्हतं. प्रियंकाने हंडा लावला होता. दुसरा माझा.

श्रावण हात पुसत ह्यांच्याजवळ आला. खाली पाहत म्हणाला, “दादा, जागा तुह्यीच खरी निघाली.” ह्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मला वाटलं, चिंतामणीने ऐकलं. देवाचं काम इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण गाव म्हणजे गाव. काल हसणारा आज पायाशी. सदाशिवरावांच्या घरी बोर मारायची होती. त्यांनी त्याच दुपारी ह्यांना सन्मानाने बोलावलं. “रामधन, पानाड्या गेला खड्ड्यात. तू सांग जागा.” हे नाही नाही म्हणाले, पण लोकांनी खांद्याला धरून नेलंच. अर्धा गाव मागे. मीही गेले. एकदा चुकून खरा ठरलेला माणूस आता दुसऱ्याच्या अंगणात जागा दाखवणार, मशीन येणार, धूळ उडणार, आणि या वेळी हसू सदाशिवरावांच्या पैशाचं होणार. ते तर आमच्या सात पिढ्या विसरणार नाहीत.

सदाशिवरावांचं आवार मोठं. कुणीतरी ह्यांच्या तळहातावर नारळ ठेवला. हे चार पावलं चालले, नारळ आडवाच. आणखी चालले, नारळ खाली पडून गडगडत गेला. हे घाबरले. सगळीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. यांना काही म्हणजे काही कळत नाही, हे मला मैलावरून दिसत होतं. मग यांना बोर परसात पाहिजे हे तेव्हा कळलं तरी कसं होतं? इतकी वर्षं मी हे विचारत आले होते आणि इतकी वर्षं एकच उत्तर होतं.

हे विमलकाकूंकडे वळले. “काकू,” म्हणाले, “सयपाक कुठी करता?”

लोकांत कुजबुज झाली. “आग्नेय कोन पाह्यते तो,” एक जण म्हणाला. “हाव, अग्नी अन् पानी,” दुसऱ्याने मान डोलावली. विमलकाकूंनी गोंधळून मागचं दार दाखवलं.

हे त्या दारापाशी गेले. उंबऱ्यावर उभे राहिले. हंडा कमरेवर असावा तसा एक हात वाकवला, खाली उतरले आणि जरा जपून, कंबर दुखणारी बाई चालेल तशी, चार-पाच पावलं टाकली. मग थांबले, टाच रोवली आणि म्हणाले, “इथं.”

“इथंच काहून रे बावा?” विमलकाकूंनी विचारलं.

हे एकदम लाजले. माणसं आहेत हे विसरले होते बहुतेक. हळूच म्हणाले, “याच्याहून दूर पडते ना मंग, काकू.”

मी मागे उभी होते. मी ऐकलं. आमचं परस डोळ्यांपुढे आलं. माझ्या स्वयंपाकघराचं दार, चार-पाच पावलं आणि तो पाइप. त्या उन्हाळ्यात माझी कंबर धरली होती. जमिनीतलं यांना तेव्हाही काही मालूम नव्हतं. यांना माझी कंबर तेवढी मालूम होती. आणि चार बाप्यांत, भावापुढे, पाणाड्यापुढे हे सांगायचं कसं, म्हणून सगळ्या गावाचं हसू डोक्यावर घेतलं, पण बोलले नाहीत. मी त्याच्यावर फरशी ठेवली होती.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. दारात जाऊन यांच्या पाठीत दोन धपाटे घालावेत असं वाटलं. इकडे लोक टाचेच्या खुणेवर दगड मांडायला निघाले होते. कुणी कुंकू मागत होतं. सदाशिवराव खिशातून मोबाइल काढून रूपसिंगला फोन लावत होते.

मी पुढे झाले आणि ह्यांचा दंड धरला.

“काका,” मी सदाशिवरावांना म्हटलं, “तुमी पानाड्याच बोलवा. आमच्या रामधनले एकच जागा समजते.”

नाव तोंडून गेलं तेव्हा मला कळलं. लोक हसले, अगदी पोट धरून हसले. हे माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग काय झालं ते नीट न कळताच तेही हसायला लागले.